शांत आवाजाचं गाव

चिचघाटाचं पाणी त्या सोमवारी कामांच्या यादीत चारशे बाराव्या क्रमांकावर होतं. महिन्यापूर्वी ते तीनशे नव्वदवर होतं आणि त्याच्या आधीच्या महिन्यात तीनशे एक्कावन्नवर. काम पुढे सरकायचं सोडून मागे मागे चाललं होतं आणि ते का, हे रेवता लांजेवारला काही केल्या उमगत नव्हतं.

रेवता आमदार मधुसूदन कापगते यांची स्वीय सहायक. मधूभाऊ पंचायत समितीत होते तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांचे अर्ज तीच घेत आली होती. देवठाणा मतदारसंघात गावं दोनशेच्या वर. कुठला रस्ता कुठल्या नाल्यापाशी खचतो, कुठल्या शाळेला मास्तर नाही, कुणाच्या विधवा सुनेचं पेन्शन कुठल्या टेबलावर अडलंय, हे पूर्वी तिच्या डोक्यात असायचं. २०३१ सालापासून ते कौलकडे गेलं.

कौल म्हणजे तक्रारी ऐकून घेणारी यंत्रणा. मतदारसंघातल्या कुणीही एक नंबर फिरवायचा आणि आपलं गाऱ्हाणं सांगायचं. कौल एका समंजस बाईच्या आवाजात दोन-चार प्रश्न विचारायचा, सगळं टिपून घ्यायचा आणि त्या तक्रारीला शंभरपैकी एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला नाव होतं निकड अंक. ज्याचा अंक मोठा त्याचं काम आधी. दर सोमवारी सकाळी नवी यादी निघायची आणि त्या क्रमानं मधूभाऊंचं कार्यालय अधिकाऱ्यांच्या मागे लागायचं.

कौल आणायला सगळ्यात आधी पाठिंबा दिला होता तो रेवतानंच. त्याआधीचे बुधवारचे जनता दरबार तिनं पाहिले होते. ज्याचा मेव्हणा मधूभाऊंच्या गाडीत बसतो तो आधी आत जाणार, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेली म्हातारी दुपारी तीनला ‘उद्या ये’ ऐकून परत जाणार. कौलला मेव्हणे नव्हते. पहिल्या सहा महिन्यांत अशा अशा गावांत दिवे लागले, जिथल्या लोकांना आमदार कोण हेही धड माहीत नव्हतं. मधूभाऊंचं नाव मुंबईपर्यंत गेलं. दुसऱ्या जिल्ह्यांतले आमदार कार्यालय बघायला येऊ लागले.

आणि चिचघाट मात्र मागे मागे चाललं होतं.

रेवतानं खुर्ची ओढली, कानाला हेडफोन लावला आणि चिचघाटाचे मागचे सगळे फोन ऐकायला घेतले. एकूण अकरा होते. अकराही एकाच माणसाचे.

“नमस्कार जी. मी चिचघाटाहून दशरथ नन्नावरे बोलतो. ते पाण्याच्या फिल्टरचं सांगितलं होतं मागं. तेवढं भाऊंच्या कानावर घालून द्या. लई कामं असतील त्याह्यले, माहीत हाये मले. सवडीनं पाहा म्हणा.”

प्रत्येक फोन असाच. शब्द इकडे तिकडे, आवाज तोच. दशरथ नन्नावरेंना रेवता चांगलं ओळखत होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन वेळा सरपंच. मधूभाऊ पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागे उभं राहिलेलं पहिलं गाव चिचघाट, आणि ते गाव उभं केलं होतं दशरथकाकांनी.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः चिचघाटला गेली.

गाव जंगलाच्या कडेला, तळ्याच्या पलीकडे. तिथल्या जमिनीखालच्या खडकात फ्लोराइड आहे. बोअरच्या पाण्यात ते विरघळतं आणि वर येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चवही जवळजवळ नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत शरीर ते सोसतं. चिचघाटाच्या बोअरला पावणेपाच होतं. एवढं फ्लोराइड रोज पोटात गेलं की ते दातांत आणि हाडांत जाऊन बसतं. दातांवर तपकिरी पट्टे उठतात, पाठ ताठरते आणि वाढत्या वयाच्या मुलांचे गुडघे आतल्या बाजूला वळत जातात. यावर उपाय म्हणून सात वर्षांपूर्वी मधूभाऊंनीच गावाला फिल्टर बसवून दिला होता. मोठ्या टाकीत अॅल्युमिनाचे पांढरे दाणे भरलेले. पाणी त्यातून गेलं की फ्लोराइड दाण्यांना चिकटून राहतं. पण दाण्यांची चिकटवून घ्यायची ताकद ठरावीक असते. ती संपली की दाणे बदलायचे असतात.

दाणे बदलायला चौदा महिने उशीर झाला होता. टाकीवरचा हिरवा दिवा चालू होता. नळाला पाणीही छान येत होतं.

रेवतानं सोबत आणलेल्या बाटलीत पाणी घेतलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. चांगलं पाणी असतं तर रंग गुलाबी राहिला असता. तो पिवळा होत गेला, लिंबाच्या सालीसारखा.

“बोअरसारखंच हाये ना?” दशरथकाकांनी विचारलं.

“बोअरसारखंच आहे, काकाजी.”

“मले वाटलंच.” ते म्हणाले. मग घराकडे वळून त्यांनी हाक मारली, “कावेरी, ये वो बाई. मावशी आली.”

कावेरी त्यांची नात, नऊ वर्षांची. ती उंबरठा ओलांडून आली तेव्हा रेवताचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. दोन्ही गुडघे एकमेकांना घासत होते आणि पावलं लांब पडत होती. अंगणात बायका खाली बसल्या होत्या, पण पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभीच राहिली. तिला मांडी घालता येत नव्हती.

“दोन वर्षांपूर्वी अशी नव्हती,” रेवता म्हणाली.

“नव्हती.”

“काकाजी, तुम्ही फोनवर हे सांगितलं का नाही? पोरीचं?”

“सांगितलं ना जी. दुसऱ्या का तिसऱ्या फोनात. पोराह्यचे पाय वाकून राहिले म्हणून.”

रेवतानं तो फोन ऐकला होता, आणि तरी तो तिच्या लक्षात राहिला नव्हता. खरंच सांगितलं होतं त्यांनी. ‘आठ-दहा पोराह्यचे पाय जरा वाकून राहिले, तेवढं पाहा जी,’ असं. घरात पाहुणा आलाय, पाणी द्या, असं सांगावं त्या सुरात.

“थोडं ओरडून सांगायचं होतं.”

दशरथकाका तिच्याकडे बघतच राहिले. “आपल्याच माणसावर ओरडाचं काऊन?”

मंदार सबनीस हा कौल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. नागपूरहून दर पंधरा दिवसांनी यायचा. वय चाळीसच्या आसपास, बोलायला सरळ. रेवतानं त्याच्यासमोर चिचघाटाची नोंद उघडली.

“मुलांची हाडं वाकताहेत असं हा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय. आणि निकड अंक अकरा? गेल्या आठवड्यात आठवडी बाजारातल्या स्वागतकमानीला त्र्याऐंशी होता.”

मंदारनं नोंद वाचली. “मॅडम, कौल फक्त शब्द मोजत नाही. शब्द तर कुणीही काहीही वापरतो. चिडलेल्या माणसाच्या स्वरतंतूंवर ताण येतो. पट्टी चढते, श्वास आखूड होतो, दोन शब्दांमधली जागा कमी होते. कानाला कळणार नाही अशी बारीक थरथर असते, ती कौलला कळते. त्यावरून माणूस किती अस्वस्थ आहे ते बऱ्यापैकी अचूक सांगता येतं.”

“आणि जो शांतपणे बोलतो?”

“त्याचा अंक कमी येतो.”

“पण अस्वस्थ असणं म्हणजे निकड असणं, हे कुणी ठरवलं?”

मंदारनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “खरं सांगू? कुणीच नाही. यंत्राला शिकवायला उदाहरणं लागतात. ही तक्रार निकडीची होती, ही नव्हती, अशी हजारो. अशी नोंद कुणाकडेच नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये अर्ज कधी आला आणि कधी निकाली निघाला एवढंच होतं. मग आमच्याकडे कार्यालयात आलेल्या जुन्या फोनांची ध्वनिमुद्रणं होती, आणि खात्रीचं असं एकच. मागच्या तीन निवडणुकांचे मतदान केंद्रांप्रमाणे आकडे. कुठल्या आवाजातल्या तक्रारी आल्या आणि पुढे त्या केंद्रावर मतं किती घटली, ते आम्ही जुळवलं. जिथे मतं घटली तिथे निकड जास्त होती असं धरलं.”



“म्हणजे कौल निकड मोजतच नाही. आपल्या हातून कोण निसटतोय ते मोजतो.”

“साधारण तेच.”

“आणि चिचघाट?”

“चिचघाटात भाऊंना एक्क्याण्णव टक्के मतं आहेत, सलग तीन वेळा. काम झालं तरी, नाही झालं तरी. कौलच्या दृष्टीनं तिथे काही धोकाच नाही.”

“भाऊंना माहीत आहे हे?”

“पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी किती ऐकलं, ते मला नाही सांगता येणार.”

मधूभाऊंनी पुरेसं ऐकलं होतं. रेवतानं विषय काढताच ते वैतागले. ते वाईट माणूस नव्हते. घरचं काम असल्यासारखं लोकांच्या कामासाठी धावताना तिनं त्यांना पाहिलं होतं. पण हातातली कामं बाराशे आणि करून घेता येणारी जेमतेम दोनशे, हा हिशेब त्यांना रोज छळत होता, आणि कौलनं तो छळ त्यांच्या डोक्यावरून उतरवला होता.

“रेवताताई, एकदा मी यादी मोडली की सगळे येतील. माझं घ्या, माझं घ्या. मग पुन्हा तेच मेव्हणे. चालेल तुम्हाला?”

“भाऊ, हे पोरांच्या हाडांचं आहे.”

“मग वर येईलच ना ते. त्यांना सांगा, जरा जोरात मागणी करा.”

तिनं तेच केलं, आणि त्याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली. चिचघाटला जाऊन, दशरथकाकांच्या अंगणात बसून तिनं सत्तरीच्या माणसाला रागवायला शिकवलं.

“म्हणा, काकाजी. आमची पोरं मेल्यावर येणार का तुम्ही?”

“आमची पोरं...” दशरथकाका थांबले. “असं अभद्र कशाले बोलायचं, बाई?”

“बरं, मग म्हणा, आता आम्ही दुसऱ्या पक्षाला मत देणार.”

“पण आम्ही देणार नाही ना.”

“काकाजी, नुसतं म्हणायचंय.”

शेवटी त्यांनी म्हटलं. फोन लावून, उभं राहून, कागदावर लिहून दिलेलं वाचून दाखवावं तसं म्हटलं. बोलून झाल्यावर सवयीनं वर ‘नमस्कार जी’ही म्हणाले. कौलला शब्द कळले आणि आवाजही कळला. अंक अकरावरून चौदा झाला.

पण ही युक्ती अंगणात बसलेल्या परगावच्या पाहुण्यांनीही ऐकली होती. चिचघाटाला ती जमली नाही, बाकी तालुक्याला मात्र महिन्याभरात जमली. आधी भोंडेगावानं ट्रान्सफॉर्मर मिळवला. मग तिरोड्याच्या वाटेवरच्या तीन गावांनी एका आठवड्यात रस्ता. कौल नाटक ओळखतो हे लोकांच्या लवकर लक्षात आलं, म्हणून ते नाटक करेनात. फोन करण्याआधी चार जण मिळून एकाला डिवचायचे. त्याच्या जुन्या जखमा उकरून काढायचे, भावकीतलं, पोराच्या नोकरीचं, काय वाट्टेल ते. माणूस खरा पेटला की त्याच्या हातात फोन द्यायचा. काही गावांत तर असे पेटणारे ठरूनच गेले. त्यांना लोक घरून बोलावून न्यायचे.

भोंडेगावचा पेटणारा होता रेवताचा सख्खा धाकटा भाऊ, भास्कर. त्याची पिठाची गिरणी होती. वीज नसली की त्याचा धंदा बुडायचा, त्यामुळे राग खरा होता. पहिल्या फोनात त्यानं मधूभाऊंना शिव्या घातल्या. दुसऱ्यात म्हणाला, “आणि ती तुमची लांजेवार बाई, एकोणीस वर्षं खुर्ची उबवली, स्वतःच्या माहेराले एक खांब नाही देऊ शकली.” रेवतानं ते कार्यालयात सगळ्यांसमोर ऐकलं. संध्याकाळी त्याचाच फोन आला. “ताई, ते मशीनसाठी होतं बरं. मनावर घेऊ नको.” ती हसली. तिनं खरंच मनावर घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात भाऊबीज आली. भास्कर आला नाही. तिनं फोन केला तेव्हा तो म्हणाला, “तू आधी आमच्या गावाच्या पाण्याच्या टाकीचं बघ, मग ओवाळ.”

“भास्कर, इथे मशीन नाही ऐकत आहे. मी आहे.”

“माहीत हाये,” तो म्हणाला.

असं घरोघरी होत होतं. दर आठवड्याला मुद्दाम चढवलेला आवाज उतरायचा विसरून जाई. बचत गटाच्या बैठका भांडणात संपू लागल्या. आठवडी बाजारात दर विचारला तरी माणसं वसकन अंगावर येत. इकडे कौलचे आकडे फुगत चालले. पूर्वी ऐंशीला काम व्हायचं, आता नव्वदलाही होईना. चिचघाट सहाशेच्या खाली घसरलं.

डिसेंबरात रेवतानं ठरवलं की दशरथकाकांना खरं काय ते सांगायचं. निदान त्यांना राग तरी येईल. ती गेली, आणि त्यांच्याजवळ बसून तिनं मंदारकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. यंत्र काय मोजतं, कशावरून शिकलं, आणि चिचघाट मागे का.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “आम्ही भाऊंचे हाओत म्हणून आमचं काम नाही.”

“हो.”

“हे भाऊंले माहीत हाये.”

रेवतानं मान डोलावली.

ती वाट बघत राहिली. ते ओरडतील, निदान समोरचा पाण्याचा तांब्या तरी आपटतील. त्यांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला, उठले आणि गोठ्याकडे गेले. बराच वेळ ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. रेवता निघाली तेव्हा त्यांनी नेहमीसारखा रस्त्यापर्यंत येऊन निरोप दिला.

त्यानंतर चिचघाटाहून कौलला एकही फोन आला नाही.

फेब्रुवारीत मधूभाऊंच्या वार्षिक कार्यअहवालाची छपाईआधीची प्रत रेवताच्या टेबलावर आली. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो, पूर्ण झालेल्या कामांची गावांप्रमाणे यादी. शुद्धलेखन तपासत ती ‘च’वर आली. चिचघाट, पिण्याचे पाणी, तक्रार निकाली.

तिला वाटलं, कुणीतरी गुपचूप दाणे बदलून आलं की काय. तिनं अभियंत्याला फोन लावला. नाही. मग मंदारला.

“साठ दिवस पाठपुरावा आला नाही तर कौल तक्रार बंद करतो,” मंदार म्हणाला. “आणि शेवटच्या तीन फोनांत आवाज शांत होता. म्हणून समाधानी असा शेरा पडला.”

रेवता उठली. ती प्रत आणि आपला लॅपटॉप घेऊन थेट मधूभाऊंच्या खोलीत गेली. आत तालुक्याचे दोन पदाधिकारी बसले होते. तिनं त्यांना बाहेर जायला सांगितलं. एकोणीस वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं. ते मधूभाऊंकडे बघत बघत गेले.

“काय झालं?”

“ऐका.”

तिनं दशरथकाकांचे फोन सुरू केले. पहिला, दुसरा, पोरांच्या पायांचा तिसरा. पाचव्यानंतर मधूभाऊ म्हणाले, “कळलं मला.” तिनं बंद केलं नाही. वाचून दाखवलेल्या धमकीचा बारावा लागला. ‘आता आम्ही दुसऱ्या पक्षाला मत देणार. नमस्कार जी.’ मधूभाऊंनी डोळ्यांवर हात ठेवला.

“हे मी त्यांना शिकवलं होतं,” रेवता म्हणाली. “तुमच्या सांगण्यावरून. आणि हे तुमच्या अहवालात आलंय.” तिनं ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. “हे असं छापलं गेलं तर मी प्रत्येक गावात जाऊन सांगेन की हे खोटं आहे.”

मधूभाऊंनी पान वाचलं. मग स्वतःचा फोन उचलून अभियंत्याला लावला आणि रेवतानं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता अशा आवाजात बोलले.

चार दिवसांत दाणे बदलले. एवढंच काम होतं. एक छोटा ट्रक, तीन मजूर, चार दिवस.

पाचव्या दिवशी मधूभाऊ स्वतः चिचघाटला गेले. रेवता सोबत होती. तिनं नळाचं पाणी बाटलीत घेतलं, थेंब टाकले. रंग गुलाबी राहिला. बायकांनी टाकीला हळदीकुंकू लावलं. फोटोवाल्यानं सगळ्यांना टाकीपुढे उभं केलं, पण दशरथकाका त्यात आले नाहीत. मग मधूभाऊच त्यांच्या घरी गेले.

काकांनी खाट टाकली, वर सतरंजी अंथरली. सुनेनं चहा आणला. कावेरी दारात उभी होती. मधूभाऊंनी तिच्याकडे बघितलं आणि मग त्यांना कपाकडेच बघत राहावं लागलं.

“दशरथभाऊ, माझ्याकडून चूक झाली,” ते म्हणाले.

“चहा घ्या जी. थंडा होईल.”

“रागावला असाल तर बोला. शिव्या द्या मला.”

“राग नाही, भाऊ.” दशरथकाकांचा आवाज अकराही फोनांत होता तसाच होता. “पाणी आलं, चांगलं झालं. बाकी या खेपेला आम्ही मताले नाही येणार. कोणालेच नाही देणार. गावाची बैठक झाली. तुम्हाले आधी सांगावं म्हटलं, तुम्ही आपले होते म्हणून.”

“होते?”

काकांनी बशी उचलून सुनेच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर तळ्याच्या बांधावर आल्यावर मधूभाऊ म्हणाले, “रेवताताई, एक्क्याण्णव टक्के होतं हे गाव.”

“हो.”

“आता यांना परत आणायचं तर काय करावं लागेल, जरा कौलला विचारून बघा. पोरीच्या पायांचं काहीतरी करता येईल. शस्त्रक्रियेचं वगैरे. फोटोही चांगला येईल अहवालात.”

रेवतानं त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं, आणि त्या दुःखातूनच ते हे बोलत होते. तिला ओरडावंसं वाटलं. कौलनं त्या क्षणी ऐकलं असतं तर शंभर दिले असते.

“गाडी थांबवा,” ती ड्रायव्हरला म्हणाली.

“काय झालं?” मधूभाऊंनी विचारलं.

“मला उतरायचंय, भाऊ. कार्यालयाच्या किल्ल्या वरच्या खणात आहेत. उद्यापासून मी येणार नाही.”

“अहो ताई, इथे कुठे उतरता? ऊन किती आहे.”

ती उतरली. गाडी थोडा वेळ बांधावर थांबून राहिली आणि मग गेली. रेवता आल्या वाटेनं चालू लागली. चिचघाट दोनेक किलोमीटर असेल. पोहोचली तेव्हा तिचा पदर घामानं भिजला होता. दशरथकाका अंगणातच होते. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, आणि ती ते उभ्यानंच प्यायली.

“काकाजी, जिल्हा रुग्णालयात हाडांचे डॉक्टर आहेत. कावेरीला दाखवायला हवं. पाणी बदललं म्हणून पाय आपोआप सरळ होतीलच असं नाही. बाकीच्या पोरांनाही एकदमच नेऊ. आधी अर्ज द्यावा लागेल. कागद आहे घरात?”

सुनेनं पोरीच्या शाळेच्या वहीतून दुरेघी पान फाडून दिलं. रेवता पायरीवर बसली, वही मांडीवर घेतली आणि मोकळ्या, ठसठशीत अक्षरात लिहू लागली. मुलांची नावं, वयं, पाण्याच्या तपासणीचे आकडे. कावेरी चौकटीला टेकून, मान वाकडी करून आपलं नाव वाचत होती.

“खाली मार्फत कोणाचं लिहाचं?” दशरथकाकांनी विचारलं. “भाऊंचं?”

इतकी वर्षं प्रत्येक अर्जाखाली रेवतानं तेच लिहिलं होतं. हात आपोआप तिकडे वळलाही.

“मार्फत कुणाचंच नाही, काकाजी,” ती म्हणाली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. “इथे तुमची सही करा.”